माणशी अर्धा एकर

शिरवळच्या पुलावरून नीरा ओलांडणारे प्रवासी सहसा खाली पाहत नाहीत. पुणे-सातारा रस्ता आता इतका रुंद झाला आहे की नदी आली कधी आणि गेली कधी ते कळत नाही. इथे जिल्हा बदलतो, अलीकडे सातारा, पलीकडे पुणे. पुलाखालून वाहणारे पाणी मात्र बहुतेक वेळा ना या काठाचे असते ना त्या काठाचे. वर भाटघरचे धरण आहे, 1928 साली पुरे झालेले. खाली वीरचे धरण आहे, 1965 चे. भाटघरमधून सोडलेले पाणी शिरवळवरून वीरला जाते आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणच्या उसाला मिळते. नीरा डावा कालवा तर 1885 पासून वाहतो आहे. आमच्या काठावरच्या शेतकऱ्याने हे पाणी चार पिढ्या पाहिले. वापरायचे तर इंजिन नाहीतर मोटर बसवून उचलायचे, आणि एकट्याला ते झेपत नाही म्हणून चारचौघांनी मिळून संस्था काढायची.

अशी एक संस्था आमच्या गावात होती. गाव शिरवळपासून फार लांब नाही. नाव सांगण्याचे कारण नाही. वडील तिचे चिटणीस होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कर्ज काढून नदीवर मोटर बसली, पाइप टाकले गेले, नारळ फुटला. पुढे जे घडले ते महाराष्ट्रातल्या शेकडो उपसा संस्थांचे झाले तसेच. ज्यांची जमीन पाइपाच्या तोंडाशी होती त्यांनी ऊस लावला. शेवटाच्या रानाला पाणी पोहोचेना. शेवटाच्यांनी पट्टी भरणे बंद केले. मग वीजबिल थकले, मग वीज तुटली, आणि एका पावसाळ्यात मोटर काढून कुणाच्या तरी गोठ्यात ठेवली गेली ती तिथेच गंजली. कुणी कुणाला फसवले असे मला वाटत नाही. वडिलांची लाल कापडी बांधणीची वही माझ्याकडे आहे. तिच्यात पै-पैचा हिशेब आहे आणि शेवटच्या पाच-सहा पानांवर फक्त येणे बाकी.

शाळेतून निवृत्त झाल्यावर या वहीचे काय करावे या विचारात होतो, तेव्हा पुरंदर तालुक्यातल्या पाणी पंचायतीविषयी पुन्हा वाचू लागलो. नाव अर्थात ऐकलेले होते. पण एका गोष्टीकडे माझे पूर्वी लक्ष गेले नव्हते. आमची संस्था उभी राहून मोडली त्याच वर्षांत, नदीपलीकडे उणापुरा तास-दीड तासाच्या रस्त्यावर, त्याच जातीच्या मोटरी, तसलेच पाइप आणि तसलीच भावकी घेऊन दुसरी माणसे वेगळ्या नियमाने संस्था चालवत होती. हा लेख त्या नियमाविषयी आहे.

सुरुवात 1972 च्या दुष्काळापासून करावी लागते. त्या दुष्काळाने राज्यभर लाखो माणसे खडी फोडायला बसवली. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे सांगली जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. या कल्पनेचा पहिला प्रयोगही 1965 साली विसापूर परिसरातच झाला. 1972 नंतर ती राज्याची योजना झाली आणि 1977 साली कायदा. लोक जगले ते तिच्यामुळे, याबद्दल वाद नाही. वाद होता तो त्या श्रमांतून उभे काय राहते याबद्दल. विलासराव साळुंखे हे पुण्यातले अभियंते आणि उद्योजक. दुष्काळात ते पत्नी कल्पनाताईंसह पुरंदरमध्ये फिरले तेव्हा त्यांना हाच प्रश्न पडला. इतकी माणसे इतके महिने राबतात, आणि पुढच्या वर्षी पाऊस हुकला की पुन्हा त्याच खडीवर येऊन बसतात. हेच हात माती आणि पाणी अडवायला का लावू नयेत?

(हा प्रश्न नवा नव्हता. 1883 साली पुऱ्या झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव फुल्यांनी बसून असलेल्या लष्करी-पोलिसी शिपायांकडून जागोजाग बंधारे घालून घ्यावेत असे सुचवले होते. फुल्यांचे मूळ गाव कटगुण सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, आणि त्यांच्या घराण्याचा पुढचा मुक्काम खानवडीला, म्हणजे याच पुरंदरात. योगायोग म्हणावा, पण मला तो निव्वळ योगायोग वाटत नाही. ज्या मुलखात पाऊस पाठ फिरवतो तिथल्याच माणसाला बंधारा सुचतो.)

साळुंख्यांनी 1974 साली ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केले आणि नायगावला देवस्थानची चाळीस एकर माळरान जमीन भाडेपट्ट्याने घेतली. नायगाव म्हटले की आम्हा खंडाळा तालुक्यातल्या लोकांना सावित्रीबाईंचे नायगाव आठवते. हे ते नव्हे. हे सासवडच्या पूर्वेला, पर्जन्यछायेतले. सरासरी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. तिथे उतारावर समपातळीत बांध घातले, चढावर झाडे लावली, पायथ्याशी पाझर तलाव केला, तलावाच्या खाली विहीर खोदली आणि त्या विहिरीचे पाणी पुन्हा वर चढवून शेताला दिले. आज 'पाणलोट विकास' हा शब्द ग्रामपंचायतीच्या शिपायालाही पाठ आहे. तेव्हा तो शब्द नव्हता. एका कारखानदाराने माळावर झोपडी बांधून काही वर्षे काय चालवले आहे, ते लोक येऊन पाहत होते.

आतापर्यंतची गोष्ट एका चांगल्या प्रयोगाची झाली, आणि असे प्रयोग महाराष्ट्राला कमी नाहीत. साळुंख्यांचे वेगळेपण इथून पुढे आहे. पाणी आले की भांडण येते, हे त्यांनी आधीच धरून चालले. म्हणून एखाद्या गावात योजना घेण्यापूर्वी ते नियम कबूल करून घेत.

योजना एकट्यादुकट्याला मिळणार नाही, गट पाहिजे. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात मिळेल: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. म्हणजे वीस एकरवाल्या पाच माणसांच्या घराला अडीच एकरांचे पाणी आणि तीन एकरवाल्या पाच माणसांच्या घरालाही अडीच एकरांचेच. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तर हक्क विकला जात नाही, तो गटाकडे परत येतो. भूमिहीनालाही पाण्यात वाटा आहे. ऊस लावायचा नाही. आणि खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी आधी भरायचा. निम्मा खर्च शासनाच्या अनुदानातून आणि उरलेला तीस टक्के प्रतिष्ठान बिनव्याजी देणार, तो पुढे फेडायचा.

हे नियम वाचताना सोपे वाटतात. मी वडिलांची वही शेजारी ठेवून वाचले तेव्हा एकेक नियम कुठल्या दुखण्यावरचे औषध आहे ते कळत गेले. आमच्याकडे भाग जमिनीवर होते. मोठ्याचा शब्द मोठा. आमच्याकडे भागभांडवल नावापुरते आणि बाकी सगळे कर्ज. त्यामुळे संस्था बुडाली तेव्हा आपले काही बुडाले असे कुणाला वाटलेच नाही. बँकेचे बुडाले, एवढेच. नायगावच्या नियमात गरिबाने वीस टक्के आधी भरायचे हे मला सुरुवातीला कठोर वाटले होते. आता वाटत नाही. ज्याने कोंबड्या विकून हप्ता भरला तो बैठकीला येतो आणि पाळी चुकली तर भांडतो. भांडणारा सभासद ही संस्थेची ठेव असते.

उसाचा नियम तर नीरेच्या खोऱ्यात जवळजवळ पाखंडच. शंभर वर्षे या खोऱ्यात पाणी म्हणजे ऊस आणि ऊस म्हणजे पैसा, पत, कारखान्याचे सभासदत्व, निवडणुकीतले मत असे समीकरण होते. ऊस जमिनीत वर्षभर उभा असतो आणि वर्षभर पितो; त्याच पाण्याच्या दोन-तीन पाळ्यांत रब्बीची ज्वारी कितीतरी अधिक घरांत जाते. हे शेतकऱ्याला ठाऊक नसते असे नाही. पण शेजाऱ्याने लावला तर मी का नको, या प्रश्नाला एकट्याकडे उत्तर नसते. गटाकडे असते. नेतृत्व कशाला म्हणायचे याचा विचार करताना मी नेहमी इथे येऊन थांबतो. पाणी आणून देणारे पुढारी आपल्याकडे पुष्कळ झाले. पाणी आणून देऊन वर 'ऊस लावायचा नाही' असे आपल्याच माणसांना तोंडावर सांगणारा, आणि ते त्यांच्याकडून मान्य करून घेणारा, विरळा.

तरी या व्यवस्थेचा कणा मला साळुंखे वाटत नाहीत. तो पाटकरी आहे. गटाने नेमलेला, गावातलाच, गटाच्या पैशातून पगार घेणारा माणूस. कुणाची पाळी कधी, किती तास, कुठले बारे फोडायचे आणि कुठले बुजवायचे हे तो ठरवतो आणि लिहून ठेवतो. पुरंदरात एका वृद्ध पाटकऱ्याशी मी दोन तास बोललो. पाणी पंचायतीचे तत्त्वज्ञान त्यांना विचारले तेव्हा ते जरा कंटाळले. पण रात्रीच्या पाळीला कंदील घेऊन किती चालावे लागे, वीज गेली तर राहिलेले तास दुसऱ्या दिवशी कसे धरायचे, सख्ख्या मेहुण्याचे बारे वेळेवर बंद केले म्हणून बायको किती दिवस बोलली नाही, हे त्यांनी रंगून सांगितले. "नियम कागदावर हुता," ते म्हणाले, "पर फावडं माझ्या हातात हुतं." आमच्या संस्थेत पाटकरी होता का, हे मी वहीत शोधले. होता. त्याचा पगार सात महिने थकलेला दिसतो.

नदीपलीकडे सगळे गोड होते असे मात्र लिहिता येणार नाही. पुरंदरातल्या माहूरसारख्या गावांचे नाव पाणी पंचायतीसाठी अजून घेतले जाते, पण कितीतरी योजना पुढे मंदावल्या, काही बंद पडल्या. विजेचा खर्च वाढला. मुले पुण्याला, जेजुरीच्या आणि आमच्या शिरवळच्या कारखान्यांत नोकरीला गेली. शेतात राहिले त्यांना अंजीर, सीताफळ अशी फळबाग दिसू लागली. तिला थोडे पण नियमित पाणी लागते आणि ते स्वतःच्या विहिरीतून, स्वतःच्या ठिबकने देणे सोयीचे. बोअर घेणाऱ्याला गटाची गरज उरत नाही. साळुंखे 2002 साली गेले. संस्थापकाच्या पश्चात गट दुबळे झाले तर दोष नियमाचा की नियमाला राज्याचे पाठबळ मिळाले नाही याचा, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शोधायला मला सांगलीकडे जावे लागले.

सांगली आमच्यापासून लांब वाटते, पण 1949 पर्यंत तिचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव आहे. रोज त्या फाटकावरून जाणाऱ्या आमच्या पोरांना त्या नावाचा आणि पाण्याचा काही संबंध असेल असे वाटत नाही. संबंध आहे. 1943 ते 46 या काळात सातारच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायनिवाडे केले, सावकारांना आवरले, गावकऱ्यांना आपला कारभार आपण करायची सवय लावली. त्या चळवळीतले तरुण स्वातंत्र्यानंतर गप्प बसले नाहीत. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी हे त्यांतले ठळक नाव. त्यांनी सहकारी साखर कारखाना काढला, त्याला 1946 साली गोळीबारात पडलेल्या सहकाऱ्याचे, किसन अहिर यांचे, नाव दिले; आणि 1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा भरवून दुष्काळी तालुक्यांसाठी कृष्णेच्या पाण्याची मागणी उभी केली. कृष्णाकाठच्या हिरव्या पट्ट्यातला, स्वतः साखर कारखाना चालवणारा माणूस माणदेशाच्या पाण्यासाठी भांडत होता, हे लक्षात घ्यावे. आपल्या मतदारसंघापलीकडच्या तहानेची जबाबदारी घेणे आता जवळजवळ विस्मरणात गेले आहे.

त्याआधी, ऐंशीच्या दशकात, खानापूर तालुक्यात आणखी एक गोष्ट घडली होती. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हजारो गिरणी कामगार गावी परतले. खानापूर-आटपाडी हा तर मुंबईला माणसे पुरवणाराच मुलूख. गावी येऊन पाहतात तर दुष्काळ आणि कोरडी नदी. येरळा खटावात उगम पावते आणि सांगली जिल्ह्यातून कृष्णेला मिळते. तिच्या पात्रात पाणी नव्हते, पण वाळू होती आणि ठेकेदार ती उचलून नेत होते. डॉ. भारत पाटणकरांसारखे कार्यकर्ते, लोकविज्ञानाचे तरुण आणि के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते यांच्या साथीने मुक्तिसंघर्ष चळवळीने प्रश्न असा मांडला: ही वाळू कुणाची? गावाची असेल तर मर्यादित वाळू विकून गावच धरण बांधील. बलवडीजवळ येरळेवर ते धरण उभे राहिले, लोकांच्या श्रमातून आणि वर्गणीतून. नाव ठेवले बळीराजा स्मृती धरण. पाणी वाटपाचा नियम: प्रत्येक घराला सारखा वाटा, जमीन असो वा नसो.

बलवडीच्या लोकांनी नायगावचा नियम उचलला की स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोहोचले, यावर मला फार वाद घालावासा वाटत नाही. दोन्हीकडची वाट वेगळी होती. नायगावला एका उद्योजकाने स्थापलेले प्रतिष्ठान होते, शासनाशी अनुदानापुरते जमवून घेणारे, हिशेबाला पक्के. बलवडीला मोर्चे काढणारी, लाल झेंड्याच्या आसपासची चळवळ होती. एकमेकांच्या सभेत ही मंडळी कदाचित रमली नसती. तरी पाण्याला जमिनीपासून सोडवल्याशिवाय न्याय होत नाही, या एका मुद्द्यावर दोघे एकाच बाजूला उभे आहेत. मला ही गोष्ट कुठल्याही विचारसरणीच्या पुराव्यापेक्षा मोठी वाटते.

आणि राज्याने यातून काय उचलले? 2005 साली महाराष्ट्राने दोन कायदे केले. एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले, दुसऱ्याने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे देण्याची तरतूद झाली. लोकांनी मिळून पाणी सांभाळावे हा अर्धा धडा कायद्यात आला. दुसरा अर्धा आला नाही. प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटप हा शब्द आहे, पण वाटा मिळतो तो लाभक्षेत्रातल्या जमीनधारकाला, आणि त्याच्या जमिनीच्या आधाराने. टंचाईत प्रत्येक जमीनधारकाला शक्यतो किमान एक एकरापुरते पाणी द्यावे अशी एक ओळ आहे, तिच्यात नायगावची पुसट सावली दिसते. भूमिहीन त्या ओळीतही नाही. म्हणून मला वाटते की पुरंदरातले गट दुबळे झाले याचा सगळा भार साळुंख्यांच्या जाण्यावर टाकू नये. वीस-पंचवीस वर्षे लोकांनी स्वतःच्या राजीखुशीने जो नियम पाळून दाखवला, तो कायद्याने पाळायची वेळ आली तेव्हा राज्याने सातबाऱ्याकडे पाहिले.

खंडाळा तालुक्यात आता धोम-बलकवडीचे आणि नीरा-देवघरचे कालवे आले आहेत. आमच्या गावच्या माळावरून पाट जाईल अशी चर्चा माझ्या लहानपणापासून होती. आता ज्यांच्या रानात पाणी खेळते त्यांची पोरे ट्रॅक्टरवर गाणी लावून फिरतात. छान वाटते. पाणीवापर संस्थेची बैठक लागली की मी सभासद नसतानाही मागे जाऊन बसतो. चर्चा एकराने चालते.

मध्यंतरी मी एक उद्योग केला. वडिलांची वही घेऊन आमच्या जुन्या संस्थेचे पाणी माणशी अर्धा एकर या हिशेबाने वाटले असते तर कुणाला किती मिळाले असते, ते मांडायला बसलो. बसलो आणि अडलो. वहीत गट नंबर होते, एकर-गुंठे होते, भागभांडवल होते, थकबाकी होती. घरात माणसे किती, हा रकानाच नव्हता. मग गावात जाऊन विचारणे आले. बहुतेक म्हातारी माणसे हसली. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या मोटरीचे पाणी मास्तर आता वाटायला निघाले, म्हणाली.

आमच्या स्वतःच्या घरापासून सुरुवात करावी म्हणून काकीकडे गेलो. ती आता नव्वदीला आली आहे. ओट्यावर बसून तिने बोटे मोजली. आजी, आमचे आई-वडील, ती आणि काका, आम्ही भावंडे, तिची दोन. दहा झाली. मग बोट तसेच धरून थांबली.

"आन गडी? गोठ्यात ऱ्हायचा त्यो. त्येला धरायचं का न्हाई?"

"धरायचं की, काकी. पण आपल्यात नाही. त्याचं वेगळं, अर्धा एकर."

"त्येला कुठं रान हुतं?" काकी म्हणाली.

मी वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर त्याचे नाव लिहिले. आडनाव तिला आठवत नव्हते, मलाही नाही.